पायाखाली खरवस की फरशी?

पोटाचं काही दुखणं घेऊन डॉक्टरांकडे गेलं, की ते आडवं व्हायला सांगतात आणि उजव्या बरगडीखाली चार बोटं रुतवतात. "मोठा श्वास घ्या. सोडा." श्वासाबरोबर यकृत खाली सरकतं. त्याची कड बोटांना लागते का, आणि लागलीच तर मऊ लागते की टणक, हे ते चाचपत असतात. रक्ताचे रिपोर्ट नंतर येतात, बोटांना आधी कळतं. मानेतली गाठ असो की स्तनातली, तिथेही पहिला प्रश्न हाच असतो: मऊ आहे की कडक?

माझ्या मामांना मागे फायब्रोस्कॅन करायला सांगितलं होतं. त्या यंत्राचं टोक दोन बरगड्यांच्या मधे टेकवतात. ते त्वचेला टिचकीएवढा धक्का देतं आणि तो धक्का यकृतातून किती वेगानं पुढे गेला, हे अल्ट्रासाउंडनं मोजतं. यकृत जितकं कडक, तितका वेग जास्त. रिपोर्टवर ठळक अक्षरांत आकडा आला: १४.२ केपीए. निरोगी यकृताचा आकडा ५ च्या आसपास असतो, त्यामुळे घरात सगळे गप्प झाले. मामा मात्र बँकेतून निवृत्त झालेले. एकक कळल्याशिवाय आकड्याला घाबरायचं नाही, हा त्यांचा बाणा. "ते चौदा वगैरे ठीक आहे, पण केपीए म्हणजे काय रे?"

केपीए म्हणजे किलोपास्कल. एक सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा एखाद्या मऊ पदार्थाचा तुकडा घ्या. त्यावर वजन ठेवून तो एक मिलिमीटर दाबायचा आहे. पदार्थाचा कडकपणा १ किलोपास्कल असेल तर १ ग्रॅम वजन पुरतं. १० किलोपास्कल असेल तर १० ग्रॅम लागतात. आपला मेंदू साधारण १ किलोपास्कल किंवा त्याहून मऊ, म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा, जेमतेम धरलेला खरवस. सैल सोडलेला स्नायू १० च्या आसपास. ज्याचं पुढे हाड होतं, तो अजून चुना न भरलेला सांगाडा २५ ते ४० च्या घरात. आणि प्रयोगशाळेत पेशी वाढवतात ती प्लॅस्टिकची बशी? ती साधारण ३० लाख किलोपास्कल. तिचा एक सेंटिमीटरचा तुकडा मिलिमीटरभर दाबायला हिशोबानं ३ टन वजन लागेल. प्रत्यक्षात तुकडा त्याआधीच मोडेल, पण अंदाज येतो.

हा प्लॅस्टिकचा आकडा लक्षात ठेवा. सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

आपल्या अस्थिमज्जेत, म्हणजे बोलीभाषेत बोन मॅरोमध्ये, एक प्रकारच्या मूलपेशी असतात. त्यांना मेसेंकायमल स्टेम सेल म्हणतात. त्यांचं अजून काही ठरलेलं नसतं. त्यांच्यापासून हाडाच्या पेशी होऊ शकतात, कूर्चेच्या होऊ शकतात, चरबीच्याही होऊ शकतात. हे ठरतं कशावर? अनेक वर्षं उत्तर एकच होतं: रसायनांवर. बशीतल्या मूलपेशींना डेक्सामेथासोन, क जीवनसत्त्व आणि फॉस्फेटचा पुरवठा द्या, दोन-तीन आठवड्यांत हाडासारखा चुना साठायला लागतो. मिश्रण बदला, चरबीचे थेंब दिसायला लागतात. पेशीला जेवण देणाऱ्या द्रवात काय मिसळलंय, त्यावर सगळी भिस्त. ती बसली कशावर आहे, हे कोणी फारसं विचारत नव्हतं. बशी ती बशी.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून एक शोधनिबंध 'सेल' या नियतकालिकात आला. अॅडम एंगलर, शमिक सेन, ली स्वीनी आणि डेनिस डिशर असे चार लेखक. यातले शमिक सेन पुढे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. त्यांनी केलं ते ऐकायला अगदी साधं आहे: द्रव तोच ठेवला आणि पेशीखालची जमीन बदलली.

जमीन कशाची, तर पॉलिअॅक्रिलामाइडच्या जेलची. बायोकेमिस्ट्री शिकलेल्या कोणाच्याही हाताला या जेलचा वास लागलेला असतो. प्रथिनं वेगळी करायला हाच जेल लागतो. काचेच्या दोन पट्ट्यांमधे द्रावण ओतायचं, शेवटी जेल लवकर धरावा म्हणून टेमेड या रसायनाचे काही मायक्रोलिटर टाकायचे, कंगवा खोचायचा आणि वाट बघायची. धरला नाही तर एकमेकांकडे बघायचं आणि पुन्हा ओतायचा. आमच्या लॅबमध्ये तर "आज खरवस लागला का?" असंच विचारायचे. तेव्हा तो नुसता विनोद होता, आता वाटतं की उपमा बरीच नेमकी होती. चिकात दूध किती घातलं यावर खरवस घट्ट होतो की लिबलिबीत, हे ठरतं. या जेलमध्ये लांबलचक साखळ्या असतात आणि त्यांना एकमेकींशी बांधणारा बिस-अॅक्रिलामाइड नावाचा दुवा असतो. दुवे वाढवले की जेल कडक, कमी केले की मऊ. पेशींसाठी ही युक्ती १९९७ मध्येच रॉबर्ट पेलहॅम आणि यू-ली वांग यांनी वापरून दाखवली होती. मऊ जेलवर पेशींची पकड कशी बदलते, हे त्यांनी पाहिलं होतं. पण त्या आधीच ठरून गेलेल्या पेशी होत्या. मूलपेशी नव्हत्या.

या जेलचा मोठा गुण असा की त्याला पेशी चिकटतच नाहीत. मग त्यावर कोलॅजेनचा पातळ थर रासायनिक टाक्यांनी शिवावा लागतो. पेशी हात लावते तो या कोलॅजेनला. म्हणजे मऊ जेल असो की कडक, पेशीला दिसणारं कापड एकच, खालची गादी तेवढी वेगळी. सगळा थर जेमतेम केसाच्या जाडीचा.

आठवडाभरानं काय दिसलं? मेंदूइतक्या मऊ जेलवर, म्हणजे ०.१ ते १ किलोपास्कलवर, मूलपेशींनी फांद्या काढल्या, चेतापेशी काढतात तशा. स्नायूइतक्या जेलवर, ८ ते १७ वर, त्या चातीसारख्या लांबट झाल्या. २५ ते ४० वर त्या ऐसपैस पसरल्या, हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या. नुसते आकार बदलले असते तर कोणी फार मनावर घेतलं नसतं. पण आत त्या त्या ऊतीच्या खुणा असलेली प्रथिनंही तयार होत होती. आणि तोवर बाहेरून कोणतंही खास रसायन दिलेलं नव्हतं.

त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली, ती मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. पहिल्या आठवड्यात पेशींना दुसऱ्या ऊतीचं रसायन दिलं तर त्यांचं मन वळायचं. काही आठवडे त्याच जमिनीवर काढल्यावर मात्र वळत नव्हतं.

इथे थोडं सावध व्हायला हवं. मऊ जेलवर 'चेतापेशी तयार झाल्या' असं लिहिलेलं बऱ्याच ठिकाणी सापडेल. ते जरा जास्तच झालं. चेतापेशींसारख्या फांद्या आणि त्यांची काही प्रथिनं दिसणं वेगळं आणि संदेश वाहून नेणारी खरी चेतापेशी होणं वेगळं. शिवाय मऊ जमिनीवर योग्य रसायनं मिळाली तर याच पेशी चरबीकडेही झुकतात. जमीन हुकूम सोडत नाही. तिचा कल असतो, आणि तो आपल्याला वाटला होता त्यापेक्षा बराच जोरकस असतो.

पण पेशीला डोळे नाहीत, बोटं नाहीत. खाली खरवस आहे की फरशी, हे तिला कळतं कसं? ओढून. पेशी कधीच नुसती बसलेली नसते. जिथे चिकटते तिथून ती सतत स्वतःकडे ओढत असते. १९८० मध्ये अल्बर्ट हॅरिस आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉन रबराच्या अगदी पातळ पापुद्र्यावर पेशी सोडल्या, तर त्या पापुद्र्याला चक्क सुरकुत्या पडल्या. दुधावरची साय बोटानं ओढल्यावर पडतात, तशा.

आता किनाऱ्यावर उभं राहून पाण्यातल्या होडीचा दोर ओढून बघा. होडी सरकत येते. दोर हातात गोळा होतो, पण खांद्याला ताण फारसा जाणवत नाही. तोच दोर माडाला बांधून ओढा. माड हलत नाही, सगळा ताण दोरात आणि तुमच्या खांद्यात साठतो. डोळे मिटून ओढलंत तरी पलीकडे होडी आहे की माड, हे सांगता येईल. पेशी हेच करते. मऊ जेल होडीसारखा सरकत येतो, कडक जेल माडासारखा ठाम राहतो.

पेशीच्या आत ओढायचं काम मायोसिन करतं. स्नायू ज्या प्रथिनानं आवळतात त्याचाच हा बिगरस्नायू भाऊबंद. एंगलर यांच्या प्रयोगात ब्लेबिस्टॅटिन नावाचं रसायन देऊन हे मायोसिन बंद पाडलं, तेव्हा पेशींना जमिनीतला फरकच कळेनासा झाला. जेल कुठलाही असो, त्या कोणत्याच बाजूला झुकेनात. खांदेच बधिर झाले तर होडी काय आणि माड काय.

या दोराच्या मधे टॅलिन नावाचं एक प्रथिन असतं, ते मला फार आवडतं. एका टोकानं ते पेशीच्या पडद्यातल्या पकडीला, म्हणजे इंटेग्रिनला, धरून असतं आणि दुसऱ्या टोकानं आतल्या दोरांना. एरवी त्याच्या घड्या घातलेल्या असतात. ताण पुरेसा वाढला की एकेक घडी उलगडते आणि आत दडलेल्या जागा उघड्या पडतात. त्या जागांवर व्हिन्क्युलिन नावाचं दुसरं प्रथिन येऊन बसतं आणि पकड अजून पक्की करतं. ताणाचं रूपांतर रसायनात होतं ते असं. ओढण्यातून एक नवी चिकटण्याची जागा तयार झाली, आणि पेशीला एवढं पुरतं.

तिथून निरोप केंद्रकापर्यंत जातो. २०११ मध्ये इटलीतल्या पादुआ विद्यापीठात स्टेफानो पिक्कोलो यांच्या गटानं दाखवलं की यॅप आणि टॅझ ही दोन प्रथिनं या निरोपाची वाहक आहेत. मऊ जमिनीवर ती केंद्रकाबाहेर थांबतात. कडक जमिनीवर केंद्रकात शिरतात आणि तिथली जनुकं चालू-बंद करायला मदत करतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे बघायला छान दिसतं. यॅपला हिरवा रंग दिला, तर मऊ जेलवर पेशीभर धुरकट हिरवं पसरलेलं असतं आणि कडक जेलवर मधोमध एकच गच्च हिरवा ठिपका. केंद्रकाला स्वतःचं अस्तरही असतं, लॅमिनचं. कडक ऊतींमधल्या पेशींत यातलं लॅमिन-ए जास्त सापडतं, हे डिशर यांच्याच गटानं २०१३ मध्ये दाखवलं.

सगळं इतकं सरळ असतं तर बरं झालं असतं. २०१२ मध्ये युरोपातल्या एका गटानं शंका काढली. मऊ जेलमध्ये छिद्रं मोठी असतात, मग कोलॅजेनचे टाके लांब लांब पडत असतील, आणि पेशीला जाणवतं ते हे सैल टाकेच असतील तर? दोन वर्षांनी एंगलर यांच्या गटानं छिद्रं आणि टाके वेगवेगळे बदलून बघितले आणि म्हटलं, नाही, फरक कडकपणामुळेच पडतो. या वादात मला एंगलर यांचं पारडं जड वाटतं. पण शंका काढणाऱ्यांचे उपकार आहेतच. कारण पेशीला 'कडकपणा' हा आकडा दिसत नाही, तिला दोरातला ताण दिसतो. तो बदलायला इतरही वाटा आहेत. त्याआधी, २००४ मध्ये, क्रिस्टोफर चेन यांच्या प्रयोगशाळेनं मूलपेशींना छोट्या ठिपक्याएवढ्या जागेत कोंडलं तेव्हा त्या चरबीकडे झुकल्या आणि पसरायला मोठी जागा दिली तेव्हा हाडाकडे.

दुसरी अडचण अशी, की पॉलिअॅक्रिलामाइड रबरासारखा वागतो. बोट दाबा, सोडा, खड्डा गायब. शरीरातल्या ऊती मळलेल्या कणकेच्या जास्त जवळच्या. बोट दाबून धरलं की विरोध हळूहळू मावळतो आणि खड्डा थोडा तरी राहतो. डेव्हिड मूनी आणि ओविजित चौधुरी यांनी २०१६ मध्ये समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटचे असे जेल बनवले, की सुरुवातीचा कडकपणा सारखाच, पण ताण मावळायचा वेग वेगळा. त्यातल्या कडक पण पटकन सैलावणाऱ्या जेलच्या पोटात ठेवलेल्या मूलपेशींनी हाडाची वाट अधिक जोमानं धरली. इथे पेशी जेलवर बसलेल्या नसून जेलच्या आत पुरलेल्या होत्या. चहूबाजूंनी वेढलेल्या पेशीला हातपाय हलवायचे असतील तर भोवतालाला थोडं सरकून जागा द्यावी लागते.

आता ते ३० लाख किलोपास्कल.

कोणत्याही प्रयोगशाळेत पेशी वाढतात त्या पॉलिस्टायरीनच्या बशीत किंवा बाटलीत. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींनी इतकी कडक जमीन कधी पाहिलेली नसते. तयार हाड त्याहूनही कडक असतं, हे खरं. पण मज्जेतल्या पेशी हाडाच्या भिंतीत नसतात, त्या आतल्या लगद्यात असतात. म्हणजे जिला आपण वर्षानुवर्षं 'नुसती बशी' समजत होतो, ती सगळा वेळ पेशींच्या कानाशी काहीतरी सांगत होती. आणि पेशी ते विसरत नाहीत. कोलोराडो विद्यापीठात क्रिस्टी अॅनसेथ यांच्या गटानं २०१४ मध्ये मूलपेशी आधी प्लॅस्टिकवर ठेवल्या आणि मग मऊ जेलवर हलवल्या. प्लॅस्टिकवर थोडेच दिवस काढलेल्या पेशींचा यॅप मऊ जमिनीवर आल्यावर केंद्रकातून बाहेर पडला. दहा दिवस काढलेल्या पेशींचा पडेना. पायाखाली मऊ गादी होती, पण आतून त्या अजून फरशीवरच होत्या.

उपचारासाठी मूलपेशी वाढवतात, तेव्हा पुरेशी संख्या मिळायला त्यांना असेच आठवडे लागतात, त्याच प्लॅस्टिकवर. स्टॅनफर्डमध्ये हेलन ब्लाउ यांच्या गटानं २०१० मध्ये उंदरांच्या स्नायूंमधल्या मूलपेशी घेतल्या. प्लॅस्टिकवर ठेवलं की त्या लवकरच आपलं मूलपण घालवून बसतात. मग त्यांनी १२ किलोपास्कलचा, स्नायूइतका मऊ जेल वापरला. त्यावर आठवडाभर वाढवलेल्या पेशी पुन्हा उंदराच्या स्नायूत सोडल्यावर रुजल्या.

उलटी बाजूही आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण तयार होतो आणि तो निरोगी स्नायूच्या कितीतरी पट कडक असतो. एंगलर आणि डिशर यांनी भ्रूणातल्या हृदयपेशी वेगवेगळ्या जेलवर ठेवल्या, तेव्हा त्या हृदयाइतक्या मऊ जेलवर छान धडधडत राहिल्या. व्रणाइतक्या कडक जेलवर त्यांची धडधड मंदावत गेली. आणि अशा व्रणात अस्थिमज्जेतल्या पेशी टोचल्यावर काही उंदरांच्या हृदयात चक्क चुना साठलेला आढळला. त्याला फक्त कडकपणा जबाबदार होता असं म्हणता येणार नाही. पण हाडाकडे झुकणारी पेशी कडक जागी सोडताना निदान विचार करायला हवा, एवढं त्यातून दिसतं. 'स्टेम सेलनं गुडघा बरा, मधुमेह बरा' अशा जाहिराती बघितल्या की मला ही उंदरांची हृदयं आठवतात. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भारतात रक्ताच्या आजारांसाठीचं मूलपेशी प्रत्यारोपण तेवढं प्रस्थापित उपचारात मोडतं. बाकीचं संशोधन आहे, आणि ते रुग्णाकडून पैसे घेऊन विकायचं नसतं.

मामांच्या यकृताकडे परत येऊ. यकृतात तारकापेशी नावाच्या पेशी असतात. एरवी त्या शांतपणे अ जीवनसत्त्व साठवून बसलेल्या असतात. यकृताला वारंवार इजा झाली, मग ती दारूनं असो, विषाणूनं असो की चरबीनं, की त्या जाग्या होतात आणि कोलॅजेन विणायला लागतात. त्यानं यकृत कडक होतं. ते कडक झालेलं तारकापेशींना जाणवतं, आणि कडक जागी त्या आणखी चेकाळतात, आणखी विणतात. उंदरांवरच्या प्रयोगांत तर असं दिसलं, की सूक्ष्मदर्शकाखाली व्रणाचे धागे ठळक दिसायच्या आधीच यकृताचा कडकपणा वाढलेला असतो. म्हणजे कडकपणा हा आजाराचा परिणाम आहेच, पण तो पुढच्या फेरीचं इंधनही आहे.

हे मी मामांना सांगितलं, अर्थात इतकं लांबण न लावता. त्यांच्या बाबतीत कारण हेपॅटायटिस सी होतं, आणि त्यावर आता गोळ्यांचा चांगला कोर्स आहे. तो तीन महिन्यांत संपला. वर्षभरानं पुन्हा फायब्रोस्कॅन झाला. त्यांनी रिपोर्टचा फोटो पाठवला. आकड्याभोवती लाल पेनानं गोल केलेला, बँकेतल्या जुन्या सवयीनं: ९.१. सूज उतरली की आकडा लवकर खाली येतो, व्रण विरघळायला वेळ लागतो, त्यामुळे लगेच पेढे वाटू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. मामांनी खाली एवढंच लिहिलं होतं: "दर घनामागे पाच ग्रॅम सुटले."